पटलावर ठेवलेला कागद

(कोपरगाव येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. नागरिकशास्त्र हा तेव्हा वीस मार्कांचा विषय. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. पोरे परीक्षेच्या आदल्या रात्री तो उरकायची. गुरुजींचा एक प्रश्न मात्र कधी चुकला नाही : ‘विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते, ते टप्प्याटप्प्याने लिहा.’ आम्ही लिहायचो, पहिले वाचन, दुसरे वाचन, तिसरे वाचन, मग दुसरे सभागृह, मग राष्ट्रपतींची सही. पाच टप्पे, पाच मार्क. पुढे मी तालुका कोर्टात जन्मभर वकिली केली, तरी माझ्या डोक्यातली कायद्याची गोष्ट त्या सहीपाशीच संपत होती. सहीनंतरही एक टप्पा असतो, आणि आपल्या चाळीतल्या कांद्याला, आपल्या उसाला जो कायदा भेटतो तो बहुतेक वेळा त्या सहाव्या टप्प्यावरचा असतो, हे मला फार उशिरा उमगले. तेही माझ्या चुलतभावाने विचारलेल्या एका प्रश्नामुळे. तो प्रश्न आधी सांगतो.

14 सप्टेंबर 2020, सोमवार. करोनाचे दिवस. संसदेच्या पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. अंतर राखायचे म्हणून एकाच सभागृहाचे खासदार दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांत विखरून बसलेले. प्रश्नोत्तराचा तास त्या अधिवेशनापुरता बंद. त्या दिवशी लोकसभेत जीवनावश्यक वस्तू (सुधारणा) विधेयक मांडले गेले. मांडणारे राज्यमंत्री जालन्याचे, रावसाहेब दानवे. 5 जूनला याच विषयावर अध्यादेश निघाला होता, त्याची जागा हे विधेयक घेणार होते. त्याचा अर्थ थोडक्यात असा : धान्य, डाळी, बटाटा, कांदा, तेलबिया, खाद्यतेल यांवर सरकार एरवी बंधन घालणार नाही. युद्ध, दुष्काळ, भीषण नैसर्गिक आपत्ती किंवा भावाची असाधारण वाढ, अशा वेळीच हात घालील. दुसऱ्या दिवशी, 15 तारखेला, लोकसभेने ते मंजूर केले. 22 तारखेला राज्यसभेने. कांदा मोकळा झाला, अशी बातमी झाली.

आणि त्याच 14 तारखेला परकीय व्यापार महासंचालनालयाची एक छोटी अधिसूचना निघाली. तिच्यात एक कोष्टक होते. कांद्यासमोर निर्यातीच्या रकान्यात आधी ‘मुक्त’ असे होते, तिथे ‘निषिद्ध’ आले. अंमल तात्काळ. धोरण अचानक बदलले की आधी ठरलेल्या सौद्यांना एरवी जी संक्रमणाची सवलत मिळते, ती इथे मिळणार नाही, हेही तिच्यातच लिहिलेले.

माझ्या चुलतभावाची चाळ गावाच्या शिवेवर, कॅनॉलच्या कडेला आहे. सप्टेंबरात चाळीत उन्हाळ कांद्याचा शेवटचा थर उरलेला असतो. एप्रिलमध्ये भरलेला माल पाच महिन्यांत वजनाला घटतो, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. चाळीजवळ गेले की तो आंबूस वास नाकात बसतो. जो एवढे महिने थांबला, त्याने भावासाठी जुगार खेळलेला असतो. त्या सोमवारी बायामाणसे लावून त्याने कांदा निवडला, गोल्टी बाजूला काढली, काजळी धरलेला माल टाकून दिला आणि मंगळवारच्या लिलावासाठी ट्रॉली भरली. रात्री मला फोन आला.

“दादा, टीव्हीवर म्हणतात कांदा मोकळा केला, अन् मोबाइलवर आलंय निर्यात बंद. दोन्हीतलं खरं कोणतं?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

“मग हे बंदचं कुठं पास झालं? कोणी मतं दिली त्याला?”

मी वकील माणूस, पण गप्प बसलो. खरे उत्तर होते, कुणीच नाही. मत देण्याचा प्रसंगच आला नव्हता.

त्या आठवड्यात नाशिक-नगर पट्ट्यात आंदोलने झाली. कोणी म्हणाले, हा दुटप्पीपणा. कोणी म्हणाले, बिहारची निवडणूक. राजकारणाची ती चर्चा आपण पारावर पुष्कळ केली आहे. मला त्या दिवशी वेगळीच गोष्ट खटकली. दोन्ही कागद आपापल्या जागी पूर्ण कायदेशीर होते. साठवणुकीचे बंधन 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातून येते. निर्यातीचे बंधन 1992 च्या परकीय व्यापार कायद्यातून. एका कायद्याचा दोर सैल करण्यासाठी दोन सभागृहांत चर्चा व्हावी लागली. दुसऱ्या कायद्याचा दोर आवळायला एका अधिकाऱ्याची सही पुरली. आणि सैल केलेला दोरही महिनाभरातच पुन्हा ताणला गेला. 23 ऑक्टोबर 2020 ला घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळ विक्रेत्याला 2 टन अशी कांद्याची साठा मर्यादा लागली, तीही नव्या सुधारित कायद्याखालीच. त्या कायद्यात लिहिलेच होते की फळे-भाजीपाल्याचा किरकोळ भाव आधीच्या बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या, यांपैकी जो कमी असेल त्याच्या, दुप्पट झाला की मर्यादा घालता येईल. देशाची पाच वर्षांची सरासरी होती किलोला 25 रुपये 87 पैसे. त्या दिवसांतला भाव 55 रुपये 60 पैसे. अट पुरी झाली.

मर्यादा शेतकऱ्याला नव्हती, व्यापाऱ्याला होती, असे यावर सांगतात. बरोबर आहे. पण 25 टन म्हणजे 250 क्विंटल. मोठ्या बाजार समितीत एखादा खरेदीदार सकाळच्या एका सत्रात याहून अधिक माल घेतो. त्याचा हात बांधला की लिलावात बोली कोण लावणार? नाशिक जिल्ह्यातले व्यापारी तेव्हा काही दिवस लिलावालाच आले नाहीत. ट्रॉलीवाल्याला कायदा भेटला तो असा, दुसऱ्याच्या हातून. बाजारातून निघताना आपल्याला हिशोबपट्टी मिळते. तिच्यात हमाली, तोलाई, वाराई असे वजावटीचे रकाने असतात. त्या दिवसांतली सर्वांत मोठी वजावट कोणत्याही रकान्यात छापलेली नव्हती.

आता मी दुसरी बाजू मांडतो, कारण वकिलाला ती सवय असते आणि कारण ती खरी आहे. जीवनावश्यक वस्तू कायदा हा कांद्याचा वैरी म्हणून जन्मला नाही. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली धान्यावर नियंत्रणे आली. 1943 मध्ये बंगालच्या दुष्काळात माणसे लाखांनी मेली. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये जीवनावश्यक पुरवठ्याचा कायदा झाला आणि त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ हे शब्द होते. पुढे राज्यघटनेत तिसरी दुरुस्ती झाली, अन्नधान्य, वैरण, कापूस, ताग हे समवर्ती सूचीत आले आणि 1955 मध्ये आजचा कायदा आला. नावातले ‘तात्पुरते’ तेवढे गळाले.

आपल्या भागाला हा कायदा परका नाही. साठ-सत्तरच्या दशकांत केंद्रात अन्न आणि कृषी खाते सांभाळणाऱ्या मंत्र्यांत अण्णासाहेब शिंदे होते. तेव्हा कोपरगाव नावाचा लोकसभा मतदारसंघ होता आणि ते इथून निवडून गेले होते. देश तेव्हा परदेशी जहाजांतून येणाऱ्या गव्हावर जगत होता. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली, ते या सभागृहातही दोन-चार जण असतील. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तीच होती. त्या रेशन दुकानामागे हाच कायदा उभा होता, आजही उभा आहे.

आणि ऊस? आपल्या तालुक्यातल्या दोन्ही सहकारी कारखान्यांच्या गव्हाणीत पडणाऱ्या प्रत्येक मोळीला जो एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, लागू होतो, तो कुठून येतो? कोणत्या विधेयकातून? मी हा प्रश्न कारखान्याच्या सभासदांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांना वाटते, संसदेत एफआरपीचा कायदा आहे. तसा स्वतंत्र कायदा नाही. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे. तो आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली काढलेला आहे. चौदा दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्या, हे सगळे त्या आदेशात आहे. 2009 मध्ये किमान वैधानिक किमतीच्या जागी एफआरपी आला. 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यावर क्विंटलला 340 रुपये ठरले, तेही त्याच आदेशाच्या बळावर.

म्हणजे बघा, एकच बांध. बांधाच्या अलीकडे ऊस, पलीकडे कांदा. अलीकडच्या शेतकऱ्याला ज्या कलमाने भावाची हमी दिली, त्याच कलमाने पलीकडच्याच्या मालाचे गिऱ्हाईक मोजून ठेवले. ‘हा कायदा जाळून टाका’ असे मी व्यासपीठावरून म्हणालो तर कांदावाले टाळ्या वाजवतील आणि ऊसवाले दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येतील. कित्येक घरांत तर दोन्ही पिके एकाच सातबाऱ्यावर असतात.

त्या तिसऱ्या कलमाची सुरुवात कशी होते? केंद्र सरकारचे असे मत झाले की अमुक वस्तूचा पुरवठा टिकवण्यासाठी, वाढवण्यासाठी किंवा ती रास्त भावात सर्वांना मिळावी यासाठी आवश्यक वा इष्ट आहे, तर ते आदेश काढून उत्पादन, पुरवठा, वाटप आणि व्यापार यांचे नियमन करू शकते किंवा ते बंदही करू शकते. सगळी गंमत ‘मत झाले की’ या शब्दांत आहे. संसदेने कायदा केला तेव्हा कांद्याचे काय करायचे हे ठरवले नाही. ते कोणी ठरवायचे, एवढेच ठरवले.

इथे मला आपल्या बेटावरचे शुक्राचार्य आठवतात. कोपरगावच्या माणसाला कचाची गोष्ट सांगायची म्हणजे गोदाकाठी पाणी विकणे. तरी एक प्रसंग सांगतो. संजीवनी विद्येसाठी देवांकडून शिष्य म्हणून आलेल्या कचाला असुरांनी तिसऱ्यांदा मारले, त्याची राख मद्यात कालवली आणि ती शुक्राचार्यांनाच पाजली. मुलगी देवयानी हिच्या हट्टापायी त्यांनी हाक मारली, तर कच पोटातून बोलला. आता तो बाहेर यायचा तर गुरूचे पोट फाडूनच येणार. शुक्राचार्यांपुढे एकच मार्ग उरला. पोटातल्या शिष्याला संजीवनीचा मंत्र शिकवायचा आणि बाहेर आल्यावर तो आपल्याला उठवील, यावर विश्वास ठेवायचा. आपण ही गोष्ट प्रेमाची आणि शापाची म्हणून ऐकतो. माझ्यासारख्या कायद्याच्या माणसाला तिच्यात अधिकार सोपवण्याची गोष्ट दिसते. मंत्र देणाऱ्याने जीव पणाला लावून मंत्र दिला. आणि ज्याला मिळाला त्याने बाहेर येताच पहिले काम केले ते गुरूला उठवण्याचे. मंत्र मिळाला म्हणून त्याने तसाच देवलोकाचा रस्ता धरला नाही.

संसदही मंत्र देते. द्यावाच लागतो. 543 खासदारांनी दर आठवड्याला कांद्याचा भाव बघून मतदान करायचे म्हटले, तर देश चालायचा नाही. निर्यातबंदीची चर्चा आठ दिवस आधी जाहीर केली, तर आठ दिवसांत गोदामेच्या गोदामे बंदराला लागतील, हा सरकारचा युक्तिवादही मला पटतो. शहरातल्या मोलकरणीला, बांधकामावरच्या मजुराला 80 रुपये किलोचा कांदा परवडत नाही; तीही माणसे आहेत आणि त्यांतली निम्मी आपल्याच गावांतून गेलेली आहेत. तेव्हा अधिकार सोपवू नयेत असे माझे म्हणणे नाही. प्रश्न पुढचा आहे. मंत्र घेतलेला कच परत गुरूकडे येतो का?

कागदावर येतो. परकीय व्यापार कायद्यात तरतूद आहे की सरकारने काढलेला प्रत्येक आदेश शक्य तितक्या लवकर संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवावा, अधिवेशनाचे एकूण तीस दिवस तो तिथे राहावा आणि सभागृहांना वाटले तर त्यांनी तो बदलावा किंवा रद्द करावा. जीवनावश्यक वस्तू कायद्यातही आदेश सभागृहांपुढे ठेवायला सांगितले आहे. संसदेच्या भाषेत याला ‘पटलावर ठेवणे’ म्हणतात. रोज दुपारी मंत्री उठतात, ‘अमुक कागद पटलावर ठेवतो’ म्हणतात आणि बसतात. गलका चालू असला तरी हे काम चालते. ते कागद तपासायला लोकसभेत दुय्यम विधिविधान समिती आहे, ग. वा. मावळणकर अध्यक्ष असताना 1953 मध्ये ती नेमली गेली. हा बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वकिली केलेला मराठी माणूस. सभागृहाने दिलेल्या अधिकाराचा हिशेब सभागृहानेच घ्यावा, हे त्या व्यवस्थेमागचे तत्त्व. व्यवस्था आजही आहे. तिच्याकडे बघणारे डोळे कमी आहेत.

हे तर दुय्यम कायद्याचे, म्हणजे त्या सहाव्या टप्प्यावरच्या आदेशांचे झाले. मूळ विधेयकांकडेही वेळ देणे कमी होत चालले आहे. पीआरएस या संस्थेच्या मोजणीप्रमाणे पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे तपासायला गेली. सतराव्या लोकसभेत फक्त 16 टक्के. 2020 ची शेतीविषयक तिन्ही विधेयके, जीवनावश्यक वस्तूंचे धरून, समितीकडे गेली नाहीत. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन चालले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये अंमलबजावणी थांबवली आणि 29 नोव्हेंबर 2021 ला, एकाच दिवशी, दोन्ही सभागृहांनी ते कायदे चर्चेविना मागे घेतले. करतानाही घाई, मोडतानाही घाई. कांदा होता तिथे, म्हणजे 1955 च्या कायद्याच्या ‘अन्नपदार्थ’ या एका शब्दात, परत जाऊन बसला.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे सांगितले, तो मुद्दा. सीमाशुल्क दराचा 1975 चा कायदा आहे. त्यातील सातवे आणि आठवे कलम एकत्र वाचा. सरकारला तातडीने निर्यात शुल्क लावायचे किंवा वाढवायचे असेल तर अधिसूचना काढता येते, पण ती संसदेपुढे ठेवावी लागते आणि ठेवल्यापासून पंधरा दिवसांत तिच्या मंजुरीचा ठराव मांडावा लागतो. का? कारण हा कर आहे, आणि लोकप्रतिनिधींच्या संमतीवाचून कर नाही, हे तत्त्व आपण फार जपतो. ठीक. मग माझा साधा प्रश्न असा : 100 रुपयांच्या कांद्यावर 40 रुपये शुल्क बसवायचे तर सभागृहाची संमती मागण्याची वाट कायद्यात आखलेली आहे, आणि तो कांदा देशाबाहेर जाऊच द्यायचा नाही, म्हणजे वाटच बंद करायची, तर नुसता कागद पटलावर ठेवला की भागते? मोठ्या जखमेला लहान पट्टी, असा हा हिशेब आहे.

वेळ नव्हता, हे कारण चालण्यासारखे नाही. 14 सप्टेंबर 2020 ला अधिवेशन सुरू होते, त्याचा पहिलाच दिवस होता. पुढची बंदी 7 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने आली, 8 तारखेपासून लागू झाली. तेव्हाही हिवाळी अधिवेशन चालू होते. ती आधी 31 मार्च 2024 पर्यंत होती, मग पुढील आदेशापर्यंत वाढली आणि 4 मे 2024 ला उठली, ती टनाला किमान 550 डॉलर दर आणि 40 टक्के शुल्क यांचे ओझे ठेवून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान दर गेला, शुल्क 20 टक्क्यांवर आले. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेले. डिसेंबर 2023 ते एप्रिल 2025 या काळात एका पिकाच्या नशिबाचे इतके चढउतार झाले, आणि यातल्या बंदीसाठी तुमच्या-आमच्या खासदाराला हात वर करून ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागले नाही. मग निवडणुकीत आपण त्याला कशाचा जाब विचारणार? तो म्हणेल, मी कुठे मत दिले? आणि तो खोटे बोलत नसेल.

म्हणून माझे मागणे छोटे आहे आणि ते कोणत्याही पक्षाच्या सरकारला लागू आहे. शेतमालाच्या निर्यातबंदीलाही करासारखीच शिस्त लावा. बंदी आधी काढा, हरकत नाही. पण पंधरा दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजुरीचा ठराव आणा. ठरावासोबत कारण आकड्यांत मांडा. साठा मर्यादेसाठी दुप्पट भावाची अट कायद्यात लिहिता आली होती, तशी बंदीसाठीही लिहिता येईल. बंदी कधी संपणार ती तारीख पहिल्याच दिवशी सांगा. आणि झालेल्या सौद्याला, वाटेवरच्या मालाला संक्रमणाची सवलत काढून घेऊ नका. यात ग्राहकाचे काही नुकसान नाही. शेतकऱ्याला भाव मिळेलच अशी हमीही यात नाही. सभागृह बंदीला मंजुरी देईल, कदाचित प्रत्येक वेळी देईल. पण कोणी दिली, कोणत्या आकड्यावर दिली, हे नोंदीत राहील.

हे करण्यासाठी 1992 च्या कायद्यात एक कलम बदलावे लागेल. म्हणजे गुरुजींचे पाच टप्पे आहेतच. खासदाराला प्रश्न विचारायला सांगता येते, नियम 377 खाली विषय मांडायला सांगता येते. लोकसभेच्या याचिका समितीकडे खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीने अर्ज करता येतो. आपण ग्रामसभेत रस्त्याच्या मुरमावरून दोन-दोन तास भांडतो. त्यातला अर्धा तास या एका कलमाला दिला तरी पुष्कळ झाले. तोवर एक काम आपल्या हातातले आहे. बाजार समितीच्या आवारात रोजच्या भावाचा फलक असतो. त्याच्या शेजारी दुसरा फलक लावा : आपल्या पिकांविषयी निघालेल्या अधिसूचनेची तारीख, तिचा मराठीत अर्थ, आणि ती पटलावर कधी ठेवली गेली. खडू आणि ओला बोळा एवढाच खर्च.

गेल्या आठवड्यात चुलतभावाकडे गेलो होतो. चाळीच्या पट्ट्या खिळखिळ्या झाल्या होत्या, तो बांबू बदलत होता. मी त्याला म्हणालो, “त्या रात्री तू विचारलं होतंस ना, मतं कोणी दिली? कोणीच नव्हती दिली. आता ती द्यायला लावायची, असा अर्ज लिहिलाय. सही कर.” त्याने हात धोतराला पुसले, कागद घेतला, दोनदा वाचला. मग म्हणाला, “ऊसवाल्यांच्या पण सह्या घ्या दादा. त्यांचं पण यातच आहे ना?”

मी सांगायच्या आधीच त्याला ते कळले होते. अर्ज बाहेर टेबलावर ठेवला आहे. वाचून मगच सही करा.